प्रत, प्राप्ती आणि हानी : अंकीय चाचेगिरी आणि स्वतंत्र निर्माते

१

संगीत, संगणकीय खेळ, चित्रपट वा ग्रंथ यांच्या अनधिकृत प्रती काढून त्या पसरविण्याच्या व्यवहारास इंग्रजीत ‘पायरसी’ अशी संज्ञा आहे आणि मराठीत तिच्यासाठी ‘चाचेगिरी’ हा शब्द योजिला जातो. संज्ञा रूढ झाली म्हणजे तिच्या पोटातील कल्पना तपासून झाली, असे मात्र होत नाही. चाचा म्हणजे समुद्रावर लूट करणारा. त्याने लुटलेला माल मालकाच्या हातून कायमचा जातो. सतराव्या शतकात इंग्लंडात परवानगीवाचून दुसऱ्याचे पुस्तक छापणाऱ्या मुद्रकास हे नाव मिळाले, तेव्हा ते उघडउघड निंदाव्यंजक रूपक होते. पुढे रूपकाची धार गेली आणि पारिभाषिक संज्ञा तेवढी उरली. अशी संज्ञा कोण कोणास लावतो यावर तिचा अर्थ किती अवलंबून असतो, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी कोकणकिनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडे दस्तकाची मागणी केली, तेव्हा मराठी राज्याच्या दृष्टीने तो सागरी सत्तेचा रीतसर अंमल होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या दृष्टीने मात्र ते चाचे ठरले.

याचा अर्थ अनधिकृत प्रत निरुपद्रवी असते असा नव्हे. अर्थ इतकाच की, ह्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या हानी एकत्र आल्या आहेत व त्या वेगळ्या केल्यावाचून विचार पुढे जात नाही. पहिली हानी वस्तूची : वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे जाते व मूळ मालकाकडे उरत नाही. दुसरी प्राप्तीची : वस्तू मालकाकडेच राहते, परंतु तिच्या विक्रीतून यावयाचे द्रव्य येत नाही. तिसरी नावाची : वस्तू आणि द्रव्य यांहून वेगळे असे जे कर्तृत्वाचे श्रेय, ते दुसऱ्याच्या नावावर जमा होते. मराठीतील ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्द ह्या तिसऱ्या हानीचा आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हरणाचे जे विवेचन केले आहे तेही प्रामुख्याने तिच्याच संबंधात आहे, कारण त्या काळच्या कवीचा योगक्षेम प्रतींच्या विक्रीवर नसून आश्रयदात्यावर चालत असे. प्रत हेच प्राप्तीचे साधन झाले ते मुद्रणानंतर, आणि इंग्लंडातील १७१० च्या कायद्याने त्या प्राप्तीला प्रथम वैधानिक आधार दिला.

अंकीय प्रतीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यामुळे पहिल्या प्रकारची हानी होत नाही. मूळ धारिका जागच्या जागी राहते आणि तिची हुबेहूब दुसरी निर्माण होते. म्हणून प्रश्न उरतो तो प्राप्तीचा आणि नावाचा. हा प्रश्न मोठ्या कंपनीच्या बाबतीत एका रीतीने सुटतो आणि स्वतंत्र निर्मात्याच्या बाबतीत दुसऱ्या रीतीने. स्वतंत्र निर्माता म्हणजे येथे असा संगीतकार वा खेळनिर्माता, जो एकटा किंवा दोनचार सहकाऱ्यांसह स्वतःच्या भांडवलावर कृती निर्माण करतो आणि जिच्या उत्पन्नावरच त्याची पुढची कृती अवलंबून असते. अशा निर्मात्याची हानी प्रतींच्या संख्येवरून ठरत नाही. ती कोणत्या वेळी व कोणत्या मार्गाने झाली, आणि ती भरून काढण्यास त्याच्यापाशी दुसरे साधन आहे की नाही, यांवरून ठरते. ह्याच दृष्टीने पुढील उदाहरणे पाहावयाची आहेत.

२

प्रथम संख्येचा विचार करू. ऑक्टोबर २००८ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ गू’ हा संगणकीय खेळ प्रसिद्ध झाला. तो मुख्यत्वे काइल गॅबलर आणि रॉन कार्मेल ह्या दोघांनी तयार केला होता आणि त्याला प्रतिबंधक कुलूप मुळीच घातलेले नव्हते. खेळणाऱ्यांचे गुण निर्मात्यांच्या सर्व्हरवर नोंदले जात असल्यामुळे किती जण खेळतात आणि किती जणांनी खेळ विकत घेतला, यांची तुलना त्यांस करता आली. पहिल्या हिशेबात अनधिकृत प्रतींचे प्रमाण शेकडा ९० निघाले. एकाच माणसाच्या अनेक जोडण्यांचा विचार करून पुढे ते ८२ धरण्यात आले. ह्यावर कुलूप न घालण्याचा हा परिणाम, असे कोणासही वाटेल. परंतु ‘रिकोशे इन्फिनिटी’ ह्या दुसऱ्या एका छोट्या खेळाला कुलूप असूनही त्याचे प्रमाण शेकडा ९२ होते.

ह्या दुसऱ्या खेळाच्या प्रकाशकांनी आपला अनुभव २००८ मध्येच जाहीर केला. कुलुपातील फटी एकामागून एक बुजविल्यानंतर अनधिकृत प्रतींची उचल घटली. तथापि सुमारे हजार अनधिकृत प्रती अडविल्या तेव्हा विक्रीत एका प्रतीची भर पडली, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे फुकट मिळाले म्हणून घेणारे आणि न मिळाल्यास विकत घेणारे हे बहुतांशी दोन वेगळे समुदाय आहेत. प्रत्येक अनधिकृत प्रत ही एक बुडालेली विक्री, असे धरून कोट्यवधींच्या तोट्याचे जे आकडे मांडले जातात, त्यांचा पाया ह्यामुळे डळमळीत होतो.

परंतु ह्यावरून हानी शून्य आहे असे अनुमान काढणे हीही तितकीच चूक होय. एप्रिल २०१३ मध्ये ‘गेम डेव्ह टायकून’ हा खेळ दोघा भावांनी प्रसिद्ध केला. त्यांनी एक प्रयोग केला : विक्रीस प्रारंभ होताच खेळाची एक ‘फोडलेली’ प्रत स्वतःच अनधिकृत मार्गाने सोडून दिली. ह्या प्रतीत खेळणारा जी काल्पनिक खेळकंपनी चालवितो, ती काही काळाने चाचेगिरीमुळे दिवाळखोर होत असे. पहिल्या दिवसाअखेर २१४ जणांनी खेळ विकत घेतला होता आणि निदान ३,१०४ जण फोडलेली प्रत खेळत होते. हे प्रमाण शेकडा ९३.६ पडते. फुकट खेळणाऱ्यांपैकी काहींनी आपली काल्पनिक कंपनी चाचेगिरीमुळे बुडते अशी तक्रार केली, आणि ती टाळण्याचा उपाय विचारला. ह्या प्रसंगातील विनोद सर्वत्र सांगितला गेला. त्यातील गंभीर अंश मात्र २१४ ह्या आकड्यात आहे. एक डॉलरहून फार महाग नसलेल्या वस्तूच्या बाबतीतही हेच घडते. ह्या खेळाची किंमत तर आठ डॉलरांच्या आसपास होती. वर्षाहून अधिक काळाच्या श्रमाचा पहिल्या दिवशीचा मोबदला दोनशे चौदा ग्राहकांवर येऊन थांबला असता, वरच्या ३,१०४ जणांपैकी शेकडा दोघांनी जरी खेळ विकत घेतला असता तरी विक्री सुमारे चतुर्थांशाहून अधिक वाढली असती. मोठ्या कंपनीस अशी बासष्ट गिऱ्हाइके मोजणीतही धरता येत नाहीत. दोघा भावांस ती येतात. एकच टक्का दोन ठिकाणी दोन अर्थांचा होतो, तो असा.

३

संगीताच्या क्षेत्रात ह्या प्रश्नाचा इतिहास अधिक जुना आहे. भारतात १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटी आल्या, तेव्हा ध्वनिमुद्रिकांच्या मोठ्या कंपनीचे दीर्घकाळचे वर्चस्व मोडले. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील ह्या परिवर्तनाचा अभ्यास केला आहे. ज्या यंत्राने बनावट कॅसेटींचा सुळसुळाट झाला, त्याच यंत्राने प्रादेशिक व स्थानिक गायकांस प्रथमच बाजारपेठ मिळवून दिली. महाराष्ट्रातही लोकगीते, भीमगीते आणि लावण्या कॅसेटींच्या द्वारे गावोगाव पोचल्या. प्रसार आणि नुकसान ही दोन्ही एकाच साधनाची फळे होती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

जून १९९९ मध्ये ‘नॅप्स्टर’ची सेवा सुरू झाली आणि न्यायालयीन आदेशानंतर जुलै २००१ मध्ये ती बंद पडली. ह्या दोन वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांपुढे एक कूट टाकले. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धारिकांच्या देवघेवीचा विक्रीवरील परिणाम शून्याहून वेगळा असल्याचे दाखविता येत नाही, असा निष्कर्ष काढला. लीबोविट्झ आदी अभ्यासकांनी त्यावर कडाडून आक्षेप घेतले. ह्या वादात एक महत्त्वाची गोष्ट काहीशी मागे पडली. ‘संगीतकार’ नावाचा एकजिनसी वर्ग मुळात अस्तित्वातच नाही. डेव्हिड ब्लॅकबर्न यांनी २००४ मध्ये हा भेद पुढे आणला : प्रसिद्ध कलावंताची विक्री अनधिकृत प्रतींमुळे घटते, अप्रसिद्धाची मात्र वाढण्याचा संभव असतो, कारण पहिल्यास ओळखीची गरज नसते आणि दुसऱ्यास तीच हवी असते. मॉर्टिमर, नॉस्को आणि सोरेन्सन यांच्या २०१२ च्या अभ्यासात याची दुसरी बाजू दिसते. अंकीय प्रसारामुळे संगीतसंचांची विक्री घटली. परंतु छोट्या कलावंतांचे मैफलींचे उत्पन्न वाढले, आणि मोठ्या कलावंतांच्या मैफलींवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

तेव्हा अनधिकृत प्रत ही छोट्या गायकाच्या दृष्टीने एका परीने विनामूल्य जाहिरात ठरते, असे म्हणता येईल. परंतु ह्या विधानास एक अट चिकटलेली आहे : त्या गायकापाशी मैफल असली पाहिजे. जो एकट्याने खोलीत बसून यंत्रावर संगीत रचतो, जो वयाने वा प्रकृतीने दौरे करू शकत नाही, ज्याचे श्रोते दहा देशांत विखुरलेले आहेत, त्याला ओळख मिळते. ती वटवावयास जागा मिळत नाही. मार्च २०२० नंतर साथीमुळे जगभर मैफली बंद पडल्या, तेव्हा हीच स्थिती सर्वांवर आली. त्या काळात ‘बँडकॅम्प’ ह्या विक्रीस्थळाने ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडून विक्रीचे उत्पन्न कलावंतांकडे जाऊ देण्याची योजना सुरू केली. तिला जो प्रतिसाद मिळाला, त्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. पैसे कोणाकडे जाणार हे श्रोत्यास ठाऊक असेल, तर फुकट मिळू शकणारी वस्तूही तो विकत घेतो.

आज संगीताच्या अनधिकृत प्रतींचा प्रश्न बराचसा मागे पडला आहे, तो कायद्यामुळे नव्हे. थोड्या पैशांत किंवा जाहिरातींच्या मोबदल्यात सर्व संगीत ऐकविणाऱ्या स्ट्रीमिंग सेवांमुळे. तथापि प्राप्तीचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, त्याचे रूप पालटले. ह्या सेवांचे उत्पन्न सामान्यतः एका निधीत जमा होते आणि एकूण श्रवणांतील हिश्शाच्या प्रमाणात वाटले जाते. ‘स्पॉटिफाय’ने २०२४ पासून असा नियम केला की, मागील बारा महिन्यांत निदान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गीतास ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळणार नाही. ९०० श्रोत्यांनी रीतसर ऐकलेल्या गीताचा मोबदला आता सर्वस्वी वैध मार्गाने शून्य होतो. दुसरीकडे, वाटप हिश्शाने होत असल्यामुळे खोटी श्रवणे निर्माण करणारा मनुष्य प्रत्येक खऱ्या कलावंताच्या वाट्यातून थोडेथोडे काढून घेतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दाखल झालेल्या एका अभियोगात, कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली लक्षावधी गीते स्वयंचलित खात्यांकडून ‘ऐकवून’ एक कोटी डॉलरांहून अधिक मोबदला उकळल्याचा आरोप होता. येथे कोणाच्याही कृतीची प्रत काढलेली नाही. तरीही हानी प्रत्यक्ष आहे. चाचेगिरी ह्या शब्दाच्या कक्षेत मात्र ती येत नाही.

४

खेळनिर्मात्याची स्थिती संगीतकाराहून मूलतः वेगळी आहे, कारण त्याला मैफल नाही. खेळ हीच कृती, खेळ हीच विकावयाची वस्तू. शिवाय खेळाची विक्री प्रारंभीच्या काही आठवड्यांत एकवटलेली असते. ह्या कालाचे महत्त्व विल्यम व्होल्कमन यांच्या २०२४ मधील अभ्यासातून दिसून येते. ‘डेनुव्हो’ नावाचे प्रतिबंधक कुलूप घातलेल्या ८६ खेळांचे त्यांनी परीक्षण केले. कुलूप पहिल्याच आठवड्यात फुटल्यास उत्पन्नात सरासरीने शेकडा २० पर्यंत घट येते. सुमारे बारा आठवड्यांनंतर फुटल्यास घट जवळजवळ नाहीशीच होते. म्हणजे अनधिकृत प्रतीचा उपद्रव तिच्या अस्तित्वात नसून तिच्या वेळेत आहे. हे खेळ मुख्यत्वे मोठ्या प्रकाशकांचे होते. असे सशुल्क कुलूप दोघातिघांच्या गटास बहुधा परवडत नाही, आणि साध्या कुलपाचा उपयोग किती, हे वर पाहिलेच आहे.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही नोंदविला पाहिजे. युरोपीय आयोगासाठी ‘एकोरिस’ संस्थेने सहा देशांतील सुमारे तीस हजार लोकांची पाहणी करून २०१५ मध्ये सिद्ध केलेला अहवाल २०१७ मध्ये लोकांसमोर आला. नुकत्याच प्रदर्शित झालेल्या लोकप्रिय चित्रपटांचा अपवाद सोडता, अनधिकृत प्रतींमुळे विक्री घटते असा भक्कम सांख्यिकीय पुरावा त्यात मिळाला नाही. परंतु पुरावा न मिळणे आणि परिणाम नसणे ह्या भिन्न गोष्टी आहेत, हे त्या अहवालानेच सांगितले आहे. सरासरीच्या हिशेबात छोटा निर्माता दिसतही नाही, हे त्याला जोडून म्हणावे लागेल.

खेळनिर्मात्याची जी हानी प्रतींच्या मोजणीत येत नाही, ती पुष्कळदा अधिक जाचक असते. अनधिकृत प्रत बहुधा जुन्या, दोषयुक्त आवृत्तीची असते. तिच्यातील दोषांचे खापर निर्मात्यावर फुटते. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘हॉटलाइन मायामी’ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे एक निर्माते योनातान सॉडरस्ट्रोम हे अनधिकृत प्रतींच्या स्थळावर जाऊन तेथील लोकांस अडचणींवर साहाय्य करू लागले. खेळ विकत न घेतला तरी निदान तो सुस्थितीत खेळला जावा, अशी त्यांची भूमिका होती. प्राप्ती गेली असताना नाव तरी राखण्याचा हा प्रयत्न होय.

याहून गंभीर प्रकार खेळांच्या ‘किल्ल्यां’च्या पुनर्विक्रीचा आहे. किल्ली म्हणजे खेळ सुरू करण्याचा सांकेतिक क्रमांक. चोरलेल्या पतपत्रावर अशा किल्ल्या विकत घेऊन त्या स्वस्तात विकल्या जातात. पुढे पतपत्राचा खरा मालक तक्रार करतो, बँक रक्कम परत घेते आणि तिच्यावरील दंडात्मक शुल्क निर्मात्याच्या माथी बसते. ‘फॅक्टोरिओ’ ह्या खेळाच्या झेक निर्मात्यांनी याविषयी तक्रार केल्यावर ‘जीटूए’ ह्या पुनर्विक्रीच्या बाजाराने २०२० मध्ये अशा १९८ किल्ल्या आपल्या बाजारात विकल्या गेल्याचे मान्य केले आणि ३९,६०० डॉलर भरपाई दिली. २०१९ मध्ये तर काही छोट्या निर्मात्यांनी असे जाहीर केले की, तेथून विकत घेण्यापेक्षा आमचा खेळ फुकट उतरवून घ्या. फुकट प्रतीमुळे त्यांची प्राप्ती होत नव्हती. चोरीच्या किल्लीमुळे त्यांच्या खिशातून पैसे जात होते. प्रारंभी सांगितलेली पहिली हानी, म्हणजे हातचे जाणे, येथे अक्षरशः घडते. आणि ज्याने अशी किल्ली विकत घेतली, तो स्वतःला प्रामाणिक ग्राहक समजत असतो.

तिसरी हानी, नावाची, खेळांच्या क्षेत्रात अनुकरणातून होते. ‘थ्रीज’ हा अंकांचा खेळ त्याच्या निर्मात्यांनी चौदा महिने खपून घडविला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. काही आठवड्यांतच त्याच्या धर्तीचे फुकट खेळ निघाले. त्यांपैकी ‘२०४८’ हा मार्चमध्ये आला आणि इतका पसरला की, मूळ ‘थ्रीज’च त्याची नक्कल आहे असे लोक समजू लागले. कायद्याच्या दृष्टीने येथे काहीही गैर घडले नाही. प्रताधिकार अभिव्यक्तीला असतो, कल्पनेला नसतो. राजशेखराला ज्या हरणाची चिंता होती, ते येथे संपूर्णपणे आहे. आधुनिक कायद्याला ज्या प्रतीची चिंता आहे, ती येथे नाही.

५

भारतीय कायदा ह्या बाबतीत कठोर आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६३ ब नुसार, संगणकीय कार्यक्रमाची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१२ च्या दुरुस्तीने प्रतिबंधक कुलूप फोडणे हाही गुन्हा ठरविला. त्याच दुरुस्तीने चित्रपटगीतांचे गीतकार आणि संगीतकार यांचा मोबदल्यातील हक्क करारानेही सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली. विधिमंडळास हानीचे एक कारण प्रतीबाहेर, म्हणजे करारात, दिसले होते, हे लक्षणीय आहे. महाराष्ट्रात १९८१ च्या धोकादायक कृत्यांच्या प्रतिबंधक कायद्यात २००९ मध्ये चित्रफितींच्या चाच्यांचा समावेश झाला. म्हणजे ह्या व्यवहाराची गणना झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्या पंक्तीत झाली.

परंतु कायदा वापरण्यास वकील, वेळ आणि पैसा लागतो. परदेशातील अनामिक स्थळावर खटला भरणे एका गायकास वा दोघा खेळनिर्मात्यांस शक्य नसते. म्हणून कायद्याचा उपयोग ज्यांची हानी प्रमाणाने कमी त्यांस अधिक होतो, आणि ज्यांच्या नावे त्याचे समर्थन केले जाते ते बाहेरच राहतात.

६

सारांश, चाचेगिरी ह्या शब्दाने एकाच वेळी अधिक आणि उणे असे दोन्ही सांगितले जाते. ज्याने कधीच विकत घेतले नसते त्याच्या प्रतीलाही तो लूट म्हणतो, म्हणून अधिक. आणि चोरीची किल्ली, खोटे श्रवण, पुसलेले श्रेय व वैध करारातून बुडालेला मोबदला यांना तो स्पर्शही करीत नाही, म्हणून उणे. छोट्या संगीतकारास अनधिकृत प्रत कधी श्रोते मिळवून देते, परंतु मैफल असेल तरच. खेळनिर्मात्यास ती पहिल्या आठवड्यांत आली तर प्रत्यक्ष घाव घालते, उशिरा आली तर फारशी बाधत नाही. ह्या भेदांकडे लक्ष न देता सर्वांची हानी एका आकड्यात मांडणे, हे संशोधनाच्या दृष्टीने सदोष आणि निर्मात्यांच्या दृष्टीने अन्यायाचे होय.

ह्या विषयावर मराठीत अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास कामाचे क्षेत्र मोठे आहे. किती प्रती निघाल्या, हा प्रश्न त्याने दुय्यम मानावा. कोणत्या निर्मात्याच्या, कोणत्या प्राप्तीवर, कोणत्या वेळी आणि कोणाच्या हातून आघात झाला, हे त्याने प्रथम विचारावे. ‘गेम डेव्ह टायकून’च्या पहिल्या दिवसाच्या हिशेबात ३,१०४ हा आकडा सर्वांच्या दृष्टीस पडला, दुसऱ्या खेळास हात घालता येईल की नाही, हे मात्र त्या दोघा भावांस २१४ ह्या आकड्यावरून ठरवावयाचे होते.